भरलेला चेहरा

आठवीच्या वर्गात अवटू ग्रंथी शिकवताना मी मुलांना स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवून आवंढा गिळायला सांगत असे. कंठाखाली फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी असते आणि शरीराने किती वेगाने जगायचे, हे ती ठरवते. बाहेर सगळे तिला थायरॉइड म्हणतात. माझ्या घरातही पुढे तोच शब्द रुळला.

विहीर आटल्यावर आई आणि धाकटा भाऊ कन्नड तालुक्यातले गाव सोडून शहरात माझ्याकडे आले. आमची वसाहत नवीन होती. नळ पोहोचले नव्हते, पण टँकरच्या पाण्यावर इमारती उभ्या राहत होत्या आणि भाऊ त्यांत फरशी बसवीत होता. त्याला एड्स होता. औषधे सुरू होण्यापूर्वी तो इतका वाळला होता, की आई त्याला कडेवर उचलून अंगणात आणी. तिने त्या आजाराचे नाव कधी उच्चारले नाही. तिच्या लेखी आजार म्हणजे वाळणे आणि बरे होणे म्हणजे अंग भरणे.

म्हणून त्या उन्हाळ्यात त्याचा चेहरा गोल झाला, तेव्हा ती हरखली. येता-जाता त्याच्या गालांवरून हात फिरवून ती कानशिलावर बोटे मोडी. शेजारच्या मावशींनी त्याला दारातच गाठले.

"का रे, चारा छावणीत राहून आलास का? आमी वाळलो अन् तू एकटाच फुगला!"

"मायच्या हातचं खातो, मावशी," तो हसून म्हणाला. आवाज घोगरा होता आणि भर वैशाखात त्याच्या अंगात स्वेटर होता.

मला तो भरलेला दिसत नव्हता, सुजलेला दिसत होता. बोलणे संथ झाले होते. एक फरशी लावून तो दुसरीकडे बघत बसतो, असे ठेकेदार सांगून गेला. मी त्याला दवाखान्यात नेले.

रक्ताचा अहवाल पाहून डॉक्टरांनी शांतपणे समजावले. एड्समध्ये अवटू ग्रंथी अनेक तऱ्हांनी बिघडते. शरीर फार खंगले, की तिची संप्रेरके उतरतात. औषधांनी प्रतिकारशक्ती परतली, की कधी कधी तीच या ग्रंथीवर उलटते. भावाचे तसेच झाले होते; ग्रंथी मंदावली होती आणि सूज त्यामुळेच होती. उपाय साधा होता: सकाळी अनशापोटी एक लहान गोळी, रोज, बहुधा आयुष्यभर.

गोळी लागू पडली. स्वेटर उतरला, आवाज मोकळा झाला, कामाला वेग आला. सूजही ओसरली आणि गालांची हाडे पुन्हा दिसू लागली.

आईने तेवढेच पाहिले. "परत सुरू झालं गं," ती म्हणाली आणि आपल्या ताटातली भाकरी त्याच्या ताटात ठेवू लागली. मी तिला चित्र काढून समजावले. तिने ते नीट पाहिले आणि विचारले, "मग भरलेलं लेकरू वाळवणारी गोळी कशापायी द्यायची?" हळूहळू तिचे जेवण जवळजवळ सुटले.

दिवाळीच्या सुमारास त्याचा चेहरा पुन्हा गोल झाला. आई जेवू लागली. मी गोळीचे विचारले, तेव्हा "घेतो की, अक्का," एवढेच तो म्हणाला. थंडीत त्याला न्यूमोनिया झाला. मंदावलेले हृदय त्या तापाला पुरले नाही. दवाखान्यातील खाटेवर, शुद्धीत होता तोवर, तो मला म्हणाला, "रातची, त्या आजाराची गोळी एक बी चुकवली नाय, अक्का. सकाळची तेवढी सोडली. ती चेहरा उतरवायची, अन् माय उपाशी ऱ्हायची."

दोन दिवसांनी तो गेला.

भेटायला आलेल्या बायकांना आई एकच सांगत होती. "मागच्या बारीला काडी झालता. आता बघा, दुष्काळात बी कसा भरल्या अंगानं गेला माझा वाघ. उपाशी नाय गेला." मग तिने माझ्याकडे पाहिले. "व्हय ना गं?"

वर्गात चुकीचे उत्तर मी कधी फळ्यावर राहू दिले नाही. तिचा हात माझ्या हातात होता आणि तो गार पडला होता.

"व्हय, माय," मी म्हणाले.