शववाहिनीची रेंज

बाबांची एकच इच्छा होती: बोईसरला जाळायचं नाही, दांडीला, समुद्राकाठच्या आपल्या स्मशानात न्यायचं. मे महिना, म्हणून काचेची थंड पेटी असलेली शववाहिनी मागवली. ती विजेवर चालणारी निघाली आणि तिच्या ऊर्जेचं गणित माझ्या मेहुण्यांनीच कारखान्यातल्या संगणकावर मांडलेलं निघालं. एका चार्जमध्ये गाडी किती धावेल, हे ती बनण्याआधीच सांगणं हे त्यांचं काम. आत ताई रडत होती आणि भाऊजी अंगणात जमलेल्यांना टायरचं घर्षण समजावत होते.

हवेचा रोध त्यांनी दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत काढला होता. निघताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "वजन कमी तितकी रेंज जास्त. बाबा आजारात बरेच वाळले होते, त्याचा फायदाच होईल." हे सांत्वन होतं, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

आम्ही दोघं चालकाशेजारी, बाकीची माणसं मागे दुचाकींवर. शववाहिनीने हळू जायचं आणि तिला कोणी ओलांडायचं नाही, ही रीत. त्यात नाक्यावर ट्रकांची कोंडी. गाडी जागची हलत नव्हती आणि समोरच्या पडद्यावरचे उरलेले किलोमीटर मात्र उतरत होते.

"वाऱ्यामुळे," भाऊजी म्हणाले. "समोरून आहे ना."

"उभ्या गाडीला?" मी विचारलं. "गणितात वेग किती धरला होता?"

"ताशी चाळीस. एकसारखा."

"आणि पेटीचा थंडावा?"

"तो किरकोळ भार रे. चाळीसला जाणवतसुद्धा नाही."

थंडाव्याला वीज लागते ती तासाप्रमाणे, अंतराप्रमाणे नाही. गाडी रांगली की तो किरकोळ भारच सगळं खाऊन टाकतो. शाळेत भूगोल शिकवणाऱ्या मलाही एवढं कळत होतं. शववाहिनी चाळीसने पळत नसते, हे मात्र भाऊजींच्या कार्यालयात कोणाला ठाऊक नसावं. तिथे बहुधा अजून कोणी मेलं नव्हतं.

चालक दांडीकडचाच. म्हणाला, "दादा, असा चाललो तर दांडी गाठत नाय. पेटी चालू ठेवायची हाय तर इथंच बोईसरला वळवतो. तुमी सांगा."

"बोईसरच बरं," भाऊजी म्हणाले. "शास्त्रीयदृष्ट्या पाहिलं तर..."

"पेटी बंद करा," मी चालकाला म्हणालो. "आणि कोंडी सुटली की जरा दामटा."

"अरे, एवढ्या उन्हात? बाबांना..."

"बाबा मे महिन्यात स्वेटर घालून बँकेत जायचे, भाऊजी. तिथला एसी त्यांना सोसायचा नाही."

पेटीची घरघर थांबली. गाडीने वेग घेतला तेव्हा मागच्या दुचाक्या आधी गोंधळल्या, मग त्याही सुटल्या. एका काकांची टोपी उडाली.

दांडीला पोचलो तेव्हा पडद्यावर थोडे किलोमीटर शिल्लक होते. भाऊजींनी मोबाइल काढून त्या आकड्याचा फोटो घेतला, कार्यालयात पाठवायला. मागे नातेवाईक बाबांना उतरवून घेत होते. तिरडीचा एक कोपरा रिकामा होता.

"भाऊजी," मी म्हणालो, "तो खिशात ठेवा आणि खांदा द्या."

त्यांनी दिला. वाळूत पाय रुतत होते, तरी मध्ये कुठे थांबले नाहीत.