मेंढीच्या कानावरची खूण
घोंगडीचा वास आला की येडगावची ती दुपार आठवते. आमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवायला आलेल्या धनगर मावशींना मी सांगत होतो, की स्वप्नात असतानाच ‘हे स्वप्न आहे’ असं ओळखायला मी शिकत होतो, रोज वहीत स्वप्नं लिहायचो, पण महिन्याभरात कंटाळलो. घोंगडीवर बसून मेंढीच्या कानावरची मालकीची खूण बघत त्या म्हणाल्या, “माझ्या सपनात रोज बिबट्या यायचा, भाऊ. पण जागं झाल्यावर ध्यानात यायचं, सपनातल्या मेंढ्यांच्या कानाला खूण नसायची. मग दिसभर कान बघायची सवयच लावली. दोन वर्सांनी सपनातबी कान बघितला. खूण न्हाई! म्हंजी हे सपानच. तवा पळाले न्हाई, बिबट्याम्होरं हुबी ऱ्हायले.” मी थक्क झालो. “मधे सोडून द्यावंसं नाही वाटलं?” “बिबट्यानं कुटं सोडलं व्हतं?” आज ती वही पुन्हा उघडली. माझ्यामागे बिबट्या नाही, म्हणून पहिल्या पानावर त्यांच्या मेंढीच्या कानाचं चित्र काढलं, खुणेसकट.