जेवण पंगतीत

आमच्या आष्ट्यात वरात निघाली की सगळ्यांच्या आधी एक काळी छत्री दिसायची. ऊन असो नसो, छत्री उघडीच. तिच्याखाली आक्का, मागं बँड, त्याच्या मागं घोडा आणि घोड्यावर घामानं निथळणारा नवरदेव. छत्री वर गेली की वाजवणं सुरू, खाली आली की बंद. नवरदेवाच्या मित्रांनी कितीही गळे काढले, तरी छत्री मिटल्यावर ढोलावर टिपरू पडत नसे. पोरंसोरं तिला ‘छत्रीवाली’ म्हणत, मोठी माणसं ‘बँडवाली आक्का’. आमचं घर तिच्या घरासमोर, त्यामुळे मी नुसतं आक्का म्हणायची.

गंमत म्हणजे आक्काला संगीतातलं काडीचं कळत नव्हतं. कुठलं गाणं चाललंय हे तिला विचारलं तर ती मागं वळून क्लॅरिनेटवाल्या बाबालाल मास्तरांकडे बघायची. बँड चांगला वाजतोय की नाही हे मग कळतं कसं, असं मी एकदा तिला विचारलं. ती म्हणाली, “मला सूर कळत न्हाई बेबी, पाय कळत्यात. दारात हुबं राह्यलेल्या म्हाताऱ्याचा पाय हलाय लागला की समजायचं, जमलं.” वरातीत तिची नजर नाचणाऱ्यांकडे नसायचीच. ती कडेच्या ओट्यांवर बसलेल्यांचे पाय बघत चालायची.

बँड तिच्या नवऱ्याचा. तो ट्रम्पेट वाजवायचा आणि छातीच्या दुखण्यानं अकाली गेला, तेव्हा तिचा सुरेश जेमतेम चालायला लागला होता. दिवस घातले आणि चारच दिवसांनी मिरजेहून एक व्यापारी वाद्यं विकत घ्यायला आला. मी आमच्या दारात उभी होते. आक्का अंगणात बसून चिंच आणि राखेनं पितळी वाद्यं घासत होती. व्यापारी खूश झाला, म्हणाला, “बरं झालं, चकचकीत करून ठेवलीसा.” आक्का मान वर न करता म्हणाली, “इकाय घासत न्हाई, वाजवाय घासतीया.” तो बिचारा चहा पिऊन परत गेला. गावात आठ दिवस हाच विषय होता. बाईमाणसानं गोठ्यात म्हशी ठेवाव्यात, कोंबड्या पाळाव्यात. बँड कसला चालवते, असं आमच्या आजीसकट सगळ्यांचं मत पडलं.

पण आक्कानं चालवला. नवऱ्यानं चालवला त्याहून बरा चालवला, हे तिच्यासमोर कुणी बोललं तर ती रागवायची, म्हणून इथं लिहिते. लग्नसराई संपली की बँडवाले रिकामे. आक्का रिकामी बसायची नाही. शिलाई मशीन घेऊन बँडवाल्यांचे ड्रेस शिवायला लागली. लाल कोट, खांद्यावर झुपके, छातीवर सोनेरी जरीच्या पट्ट्या. बघता बघता आटपाडीपासून कोयनानगरपर्यंतचे बँड तिच्याकडून ड्रेस शिवून घ्यायला लागले. पुढं तिनं जनरेटर घेतला, वरातीचे दिवे भाड्यानं द्यायला लागली. सांगलीचा बजरंग बँडवाला म्हणजे तिचा धंद्यातला पक्का वैरी. तिची सुपारी पळवायची एकही संधी तो सोडायचा नाही, पण त्याच्या माणसांच्या अंगावरचे कोट आक्काच्याच हातचे असायचे. ती म्हणायची, “भांडान हाय ते सुपारीचं. कोटाचं काय भांडान?”

तिचं नाव झालं ते मात्र छत्रीनं नाही की कोटानं नाही. ते झालं एका अटीमुळे.

नवरा गेल्यानंतरच्या पहिल्याच सराईत साताऱ्याकडच्या एका बागायतदाराच्या घरचं लग्न होतं. मांडव मोठा, माणसं तालेवार. लग्न लागल्यावर यजमानीणबाईंनी आक्काला हाताला धरून आत नेलं, बायकांच्या पंगतीत बसवलं, मानानं वाढलं. आक्कानं आजूबाजूला पाहिलं. आपली माणसं कुठल्याच पंगतीत दिसेनात. चौकशी केली तेव्हा कळलं, ती मांडवाच्या मागं आहेत, खरकट्या पत्रावळ्या टाकतात त्याच्या शेजारी. पंगती उठल्यावर उरलंसुरलं त्यांना मिळणार. ढोलवाले बौद्धवाड्यातले, बाबालाल मास्तर मुसलमान, बाकीचे कुठले कुठले. बँडवाल्यांनी मागंच बसायचं असतं हे सगळ्यांना इतकं ठाऊक होतं, की त्यात कुणाला काही वाटतही नव्हतं. आक्कानं आरडाओरडा केला नाही. वाढलेलं ताट उचललं आणि मागं जाऊन माणसांच्यात बसून जेवली. मग उठून छत्री उघडली आणि ठरल्याप्रमाणे सबंध वरात वाजवून दिली.

त्यानंतर मात्र कुणीही सुपारी घेऊन आलं, की तारीख, वेळ, गाणी सगळं ठरवून झाल्यावर ती शेवटी म्हणायची, “आणि जेवान पंगतीत.” समोरच्याला आधी कळायचंच नाही. कळल्यावर तो हसायचा, आणि ती हसत नाही हे पाहून उठून जायचा. ती सबंध सराई जवळजवळ कोरडी गेली. सुपाऱ्या बजरंगकडे वळल्या. बजरंगची माणसं मागं बसायला तयार होती. शेवटी बाबालाल मास्तरच तिच्या दारात येऊन बसले. म्हणाले, “आक्का, सोडा ही अट. आमी बसतो की मागं. आमाला सवं हाय.” आक्का मशीन थांबवून म्हणाली, “तुमी बसाल मास्तर. मला तुमास्नी बसवंना.” दोन-तीन माणसं त्या वर्षी बँड सोडून गेली, मास्तर राहिले.

ती अट आष्ट्यात पहिल्यांदा पाळली गेली ती आमच्या घरी, माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात. आमचे अण्णा हायस्कूलात शिक्षक. फार बोलणारे नव्हते. आक्कानं अट सांगितली, अण्णा म्हणाले, “बरं.” एवढंच. प्रत्यक्ष पंगतीत लाल कोटातली माणसं ओळीनं येऊन बसली, तेव्हा आमचे तात्या, म्हणजे थोरले चुलते, पानावरून उठले. मी हातात मिठाचं ताटलं घेऊन उभी होते आणि पुढं सरकू की नको ते मला कळेना. अण्णा शांतपणे म्हणाले, “तात्या, तुम्ही पुढच्या पंगतीला बसा मग. बेबी, मीठ वाढ.” मी वाढलं. बाबालाल मास्तरांच्या पानावर मीठ वाढताना बघितलं, त्यांनी मान खाली घातली होती आणि पानाभोवती पाणी फिरवावं की नाही या विचारात हात तसाच धरला होता. तात्या पुढच्या पंगतीला निमूट जेवले. जिलबी त्यांना फार आवडायची.

एका घरानं केलं म्हटल्यावर दुसरं तयार झालं. आक्काचा बँड चांगला वाजायचा हेही कारण होतंच. हौसेपुढं माणूस बऱ्याच गोष्टी गिळतो. पाच-सात वर्षांत अशी वेळ आली की सुपारी द्यायला येणारा स्वतःच म्हणायचा, “आणि जेवान पंगतीत, म्हाईत हाय आक्का.”

आक्काला माहेर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते कोयनेच्या धरणात गेलं. गाव उठलं तेव्हा ती लहान होती. माणसं मिळेल तिकडं पांगली, आई-बाप लवकर गेले, भाऊ नव्हताच. याविषयी ती कधी बोलायची नाही. एकदा कोयनानगरची सुपारी होती. घाट चढून टेंपो वर गेला, आणि पाणी दिसायला लागलं तशी तिनं टेंपो थांबवायला सांगितला. खाली उतरली, छत्री मिटली आणि पाण्याकडे बघत उभी राहिली. म्हणाली, “त्या तितं खाली आमचा आंबा हुता.” बाकीची माणसं आपापसात कुजबुजत राहिली. बाबालाल मास्तरांनी मात्र पेटीतून क्लॅरिनेट काढलं आणि जात्यावरच्या ओवीची चाल वाजवली. छत्री वर न जाता तिच्या बँडमधलं वाद्य वाजलं ते त्या एकाच वेळी. हे मला मास्तरांनी सांगितलं. आक्कानं कधीच नाही.

सुरेश मोठा होऊन पलटणीत गेला. सुट्टीवर आला की म्हणायचा, “आई, आता बास कर. म्या धाडतोय न्हवं?” आक्का म्हणायची, “तू धाडतोस ते मला. ह्या समद्यांच्या घरी कोण धाडतंय?” पोरगा मग सुट्टी संपेपर्यंत अंगणात बँडवाल्यांना कवायत शिकवत बसायचा. त्यामुळे आमच्या आष्ट्यातला बँड चालताना पाय एकदम टाकतो, हे लांबलांबची माणसं बघायला यायची.

सुरेशचं लग्न आटपाडीकडची मुलगी बघून ठरलं. घरचाच बँड, तोच वाजणार, असं सगळं गाव धरून चाललं होतं. लग्नाच्या दिवशी आम्ही बघतो तर टेंपोतून उतरतोय बजरंग. आक्कानं चक्क वैऱ्याला सुपारी दिली होती. मी विचारलं तर म्हणाली, “घरच्या लग्नात घरची मान्सं वाजवतील, व्हय? ती पाव्हणं हायती आज.” तिची सगळी माणसं पांढरे शर्ट, धोतरं, नव्या टोप्या घालून आली होती. लाल कोटाशिवाय त्यांना ओळखायलाच येईना. आटपाडीच्या मंडळींनी बाबालाल मास्तरांची भरदार मिशी आणि ताठ पाठ बघितली आणि हेच नवऱ्या मुलाचे मामा, असं समजून मुलीच्या वडिलांनी त्यांना मामाचा मानाचा फेटा बांधायला घेतला. मास्तर कावरेबावरे झाले. त्यांनी आक्काकडे पाहिलं. आक्का म्हणाली, “बांधून घ्या की. मामाच हायसा.” मग अंतरपाटाच्या वेळी सुरेशच्या मागं मामा म्हणून बाबालाल मास्तरच उभे राहिले. लग्न लागल्यावर बजरंग आपली माणसं घेऊन सवयीनं मांडवाच्या मागं निघाला होता. आक्कानं त्याला वाटेत गाठलं. “कुटं निगाला? जेवान पंगतीत हाय.” त्या पंगतीत तिनं स्वतः वाढलं. बजरंग पोटभर जेवला. नंतर त्यानं तिच्या सुपाऱ्या पळवणं काही थांबवलं नाही, हेही सांगितलं पाहिजे.

मग डीजे आले. बँड आकसला, कोट शिवणारेही कमी झाले. आक्काची पाठ वाकली, छत्री आता टेकायला लागायची. आमच्या गल्लीतून एकदा त्या भिंतीएवढ्या पेट्या दणदणत गेल्या, खिडक्यांची तावदानं थरथरली. मी चिडून काही बोलले. ती ओट्यावर बसून बघत होती. म्हणाली, “ह्येला भूक लागत न्हाई. म्हंजी पंगतीची कटकट न्हाई लोकास्नी.” तिला राग आलेला नव्हता, पण मला आजही तो आवाज ऐकला की तिचं बोलणं आठवतं.

गेल्या वर्षी ती गेली. दुखणं असं नव्हतं. सकाळी चहा घेतला आणि भिंतीला टेकून बसली ती बसलीच. मी आता सांगलीला राहते, तिथून पोचले तेव्हा अंगणात माणसं मावत नव्हती. बायकांनी आंघोळ घातली आणि कुणीतरी विचारलं, “म्हायेरचं लुगडं कुटाय?” शेवटचं लुगडं माहेरचं लागतं, भावाच्या हातचं. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. माहेर पाण्याखाली, भाऊ नाही. तेवढ्यात गर्दी बाजूला सरली आणि बाबालाल मास्तर नातवाच्या आधारानं आत आले. काखेत कागदात गुंडाळलेलं लुगडं होतं. म्हणाले, “म्या आणलंय.” बायकांनी तेच तिला नेसवलं. मला तिथं पहिल्यांदा रडू फुटलं.

तिनं सुरेशला सांगून ठेवलं होतं, माझ्या वेळी आपल्या माणसांनी वाजवायचं नाही, घरच्यांनी रडायचं असतं. त्यामुळे तिची माणसं रिकाम्या हातांनी मागं उभी होती. तिरडी उचलली आणि गल्लीच्या तोंडाशी क्लॅरिनेट वाजलं. म्हातारा बजरंग होता, सांगलीहून उरलीसुरली माणसं गोळा करून आलेला. अंगावर तेच विटलेले लाल कोट, आक्कानं शिवलेले. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. नदीपर्यंत तो वाजवत गेला. दारांत, ओट्यांवर माणसं उभी होती, आणि मी तिच्या सवयीनं त्यांच्या पायांकडे बघत होते. पाय सगळे स्थिर होते.

सगळे परतले तेव्हा दुपार टळली होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून आमच्या घरून पिठलं-भाकरी आली होती. बजरंग वाद्यं गोळा करून माणसांसकट टेंपोकडे निघाला. सुरेशनं डोकं पुसत त्याला हाक मारली. “मामा, जेवल्याबिगार जायाचं न्हाई.”

“न्हाई रं, घरात हे असं झालेलं... आमी जातो.”

“आईची अट हाय ती,” सुरेश म्हणाला.

बजरंग थांबला. सुरेशनं ओट्यावरची सतरंजी काढून अंगणात उलगडली. आधी बाबालाल मास्तरांना बसवलं, शेजारी बजरंगला, मग दोन्ही बँडांची माणसं, आम्ही गल्लीतले सगळे. मी आत जाऊन मिठाचं ताटलं घेऊन आले आणि वाढायला लागले.