उणे अठरात गेलेली टीम

उन्नती मढवीला ऑफिसात कुणी चहाला बोलावत नसे. दोष तिचा नव्हता, तिच्या कामाचा होता. दुसऱ्यांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. महाप्याच्या त्या कंपनीत अकरा वर्षं ती हेच करत होती, आणि अगदी मन लावून करत होती. एखाद्याने महिनाभर खपून काहीतरी उभं करावं आणि उन्नतीने सकाळी साडेदहाच्या आत त्यातल्या सतरा चुकांची यादी पाठवून द्यावी. अशा बाईबरोबर चहा कोण पिणार?

त्यात ती घणसोली गावातली. बोलण्यात आडपडदा नाही. 'वेळ मिळेल तेव्हा जरा बघशील का' वगैरे गोडवा तिच्या यादीत नसायचा. 'चालत नाही' एवढे दोनच शब्द असायचे.

मग कंपनीत ॲजाइल आलं. तिचे मॅनेजर धर्मराज साहेब लोणावळ्याला तीन दिवसांचं शिबिर करून आले आणि सोमवारी सकाळी भिंतीवर एकेका कामाच्या पिवळ्या-गुलाबी चिठ्ठ्या लागल्या. साहेबांनी सगळ्यांना समजावलं, की वर्षभर दार लावून अख्खं सॉफ्टवेअर बनवायचं आणि मग ते गिऱ्हाइकाच्या गळ्यात घालायचं, हे दिवस संपले. आता दोन-दोन आठवड्यांत थोडं थोडं बनवायचं, दाखवायचं, विचारायचं, सुधारायचं. लिहिणारे आणि तपासणारे एकाच टेबलाशी बसणार. रोज सकाळी सगळ्यांनी पंधरा मिनिटं उभ्याउभ्या बोलायचं, काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय. आणि हे सगळं नीट चालतंय ना, हे बघायला प्रत्येक टीमला एक स्क्रम मास्टर.

हे जादा काम कुणालाच नको होतं. उन्नतीच्या टीममध्ये चौघं. सगळ्यात जुना विपुल म्हणाला, मला कोड लिहू द्या. सगळ्यात नवी कैनात म्हणाली, मी अजून शिकतेय. स्क्रीनची मांडणी करणारी ज्ञानेश्वरी म्हणाली, मला बोलता येत नाही, हवं तर चित्र काढून देते. उन्नती त्या दिवशी रजेवर होती. रजेवरच्या माणसाच्या बाजूने बोलायला कुणी नसतं. मंगळवारी ती आली तेव्हा मास्टर झालेली होती.

घरी तिने ही बातमी सांगितली तेव्हा सासूबाई, यशोदाबाई, पापड वाळत घालत होत्या.

"मास्तरीन झालीस? कंच्या शालंत गो?"

"शाळेत नाय आई, ऑफिसातच."

"मंग मास्तरीन कोनाची?"

"चौघांची. म्हणजे मी धरून."

यशोदाबाईंना ही शाळा फारच लहान वाटली, पण त्यांनी आळीभर सांगून टाकलं. दोन दिवसांनी शेजारीण आपल्या नातीची गणिताची वही घेऊन दारात हजर. उन्नतीने तिला अपूर्णांक शिकवले आणि मनात म्हणाली, इथे निदान कोणी प्रश्न तरी विचारतंय.

कारण ऑफिसातली बैठक म्हणजे नुसती हजेरी झाली होती. धर्मराज साहेब हाताची घडी घालून मधोमध उभे राहायचे आणि प्रत्येक जण त्यांच्याकडे बघून बोलायचा. कैनात म्हणायची, "चालू आहे." ज्ञानेश्वरी म्हणायची, "चालू आहे." विपुल म्हणायचा, "नव्वद टक्के झालं." त्याचे ते नव्वद टक्के दोन आठवडे नव्वदच होते. मग साहेब त्यावर बोलायचे, आणि पंधरा मिनिटांची बैठक पन्नास मिनिटांनी संपायची. पाय मात्र सगळ्यांचे खरोखर दुखायचे.

महिनाभर उन्नतीने पाहिलं. मग ती साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, उद्यापासून तुम्ही सकाळी येऊ नका."

"म्हणजे?"

"तुम्ही असलात की सगळे तुमच्याशी बोलतात. एकमेकांशी कोणी बोलत नाही."

"अहो, मी तर बहुतेक वेळ गप्प उभा असतो!"

"बघता ना पण."

साहेब नाराज झाले, पण माणूस वाईट नव्हता. "तीन महिने देतो," ते म्हणाले. "तोवर फरक दिसला नाही तर मी येणार. आणि येताना खुर्ची घेऊन येणार."

उन्नती विजयी मुद्रेने टेबलाशी परतली. दुसऱ्या दिवसापासून बैठक साहेबांशिवाय सुरू झाली, बरोब्बर पंधरा मिनिटांत संपायला लागली, आणि त्या पंधरा मिनिटांत सगळे पूर्वीसारखंच 'चालू आहे' म्हणत राहिले. शेवटी कैनातने एकदा लिफ्टमध्ये तिला गाठलं. कैनात खांदेश्वरहून यायची. वयाने लहान, पण नजर तीक्ष्ण.

"मॅडम, रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"सर गेले, पण तुम्ही आहात ना."

लिफ्ट तळमजल्यावर पोहोचली तरी उन्नती आतच उभी होती. अकरा वर्षं आपण लोकांच्या चुका टिपत आलो. आता तेच लोक आपल्यासमोर मन मोकळं करतील, ही अपेक्षा आपण कशाच्या जोरावर धरली? त्या दिवशी बसमध्ये तिला खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर काय काय गेलं ते तिला दिसलं नाही.

त्याच आठवड्यात विपुलला कांजिण्या झाल्या. वयाच्या अडतिसाव्या वर्षी, पहिलीतल्या मुलीकडून. तीन आठवडे घराबाहेर पडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं आणि टीमचं धाबं दणाणलं. कारण निम्मं सॉफ्टवेअर फक्त विपुलच्या डोक्यात होतं. कैनातला बरोबर बसवून शिकव, असं उन्नतीने त्याला कितीदा तरी सांगितलं होतं. त्याचं उत्तर ठरलेलं. "मी एकटा दोन तासांत करतो, दोघं बसलो तर चार लागतील."

आणि संकटं काही रांगेत उभी राहून येत नाहीत. तुर्भ्याच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये त्यांचं सॉफ्टवेअर चालायचं. आत आलेला माल हातातल्या छोट्या यंत्रावर नोंदवायचा, म्हणजे कुठली खोकी कुठल्या फळीवर आहेत ते ऑफिसात कळतं. तिथून तक्रार आली, माल आत आहे पण स्क्रीनवर नाही. महिन्यातली तिसरी तक्रार.

उन्नतीने विपुलला फोन लावला. तो अंग खाजवत वैतागला. "लोक चुकीचं बटण दाबतात हो. कितीदा सांगायचं, नीट दाबा म्हणून?"

उन्नतीने जुन्या नोंदी उघडल्या. हीच तक्रार दोन वर्षांपूर्वीही आली होती. खाली शेरा होता : 'वापरणाऱ्याची चूक. तक्रार बंद.' आणि त्याखाली नाव होतं, उन्नती मढवी.

तिने तो शेरा दोनदा वाचला. मग पर्स उचलली. "चला, बघून येऊ."

"कुठे?" ज्ञानेश्वरीने विचारलं.

"तुर्भ्याला. आपण बनवलेलं कोण कसं वापरतं, कधी पाहिलंय आपण?"

तिघी रिक्षाने निघाल्या. कोल्ड स्टोरेजचे मुकादम मुख्तारभाई दारातच भेटले. म्हसळ्याकडचे, पन्नाशीचे, वीस वर्षं त्या थंडीत काढलेले. कंपनीची माणसं प्रत्यक्ष आलीत, यावर त्यांचा आधी विश्वासच बसेना. मग त्यांनी तिघींना जाडजूड जाकिटं दिली, कोपरापर्यंत येणारे हातमोजे दिले, आणि दार उघडलं.

आत उणे अठरा. मटार, कोळंबी, आंब्याचा गर, सगळं दगड होऊन छतापर्यंत रचलेलं. ज्ञानेश्वरीने 'बाप रे' म्हटलं तर त्याची वाफच आधी दिसली. मुख्तारभाईंनी यंत्र कैनातच्या हातात दिलं. "करा नोंद."

कैनातने खोक्यावरची पट्टी यंत्राला दाखवली. स्क्रीनवर दोन बटणं आली, शेजारी शेजारी : 'जमा' आणि 'रद्द'. मोज्यातलं तिचं बोट काकडीएवढं झालं होतं. तिने 'जमा'वर नेम धरून दाबलं. स्क्रीन कोरी झाली.

"रद्द झालं!" ती ओरडली. परत केलं. परत रद्द. तिसऱ्यांदा जमलं, तेही चुकून.

"आमी रोज हाच सांगतो," मुख्तारभाई म्हणाले. "तुमचा मानूस फोनवर बोलतो, नीट दाबा. नीट दाबायचा तर मोजा काढावा लागतो. मोजा काढला तर हा असा होतो." त्यांनी एक मोजा काढून हात उघडून दाखवला. दोन बोटांची टोकं काळवंडून सोललेली होती. "मग आमची पोरा खोक्यावर खडूनच लिवतात. तुमचा यंत्र खिशात."

बाहेर येताच तिघींचे चष्मे धुक्याने भरले. मुख्तारभाईंनी चहा मागवला. उन्नतीने कप दोन्ही हातांत धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीत, विपुल फोनवर असताना, ती आधी बोलली.

"ही चूक विपुलची नाही. माझी आहे. दोन वर्षांपूर्वी मी ही तक्रार बंद केली. तपासली होती मी, तीस वेळा बटण दाबून. पण टेबलाशी बसून, एसी चोविसावर ठेवून, उघड्या बोटाने. त्या लोकांची बोटं सोलली आणि मी लिहिलं, वापरणाऱ्याची चूक."

फोनमधून विपुलच्या पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग ज्ञानेश्वरीने घसा खाकरला.

"बटणं शेजारी शेजारी मीच ठेवली. खाली कंपनीचं बोधचिन्ह टाकायला जागा हवी होती म्हणून."

मग कैनात. "मी पण सांगते. विपुल सरांचा तो नोंदीचा कोड मला कळतच नाही. पंधरा दिवस झाले. मी रोज 'चालू आहे' म्हणते, पण काहीच चालू नाहीये."

यावर फोनमधून विपुल हसला. आधी थोडं, मग खूपच. "अगं, नव्वद टक्के म्हणजे काय असतं ते मला तरी कुठे माहितेय!"

त्या दिवशी पहिल्यांदा त्या चिठ्ठ्यांवर खरं काहीतरी लिहिलं गेलं.

अर्थात, लगेच सगळं सुरळीत झालं नाही. विपुल म्हणाला, मी बरा झालो की करतो. उन्नती म्हणाली, "तुम्ही याल तेव्हा याल, तोवर मुख्तारभाईंनी बोटं कुठे ठेवायची?" मग तो रोज दुपारी तासभर फोनवर कैनातला कोड समजावू लागला. कॅमेरा बंद, कारण तोंडावर फोड. समजावता समजावता मधेच थबकायचा आणि विचारायचा, "हे असं का लिहिलंय मी?" कैनात नम्रपणे म्हणायची, "मी तेच विचारणार होते, सर."

ज्ञानेश्वरीने बोधचिन्ह काढून टाकलं आणि 'जमा' बटण मोठं केलं. उन्नतीने मुख्तारभाईंकडून एक हातमोजा मागून आणला आणि ऑफिसच्या पँट्रीतल्या फ्रीजमध्ये, वरच्या बर्फाच्या कप्प्यात, यंत्रासकट हात घालून उभी राहू लागली. लोक पाणी प्यायला यायचे आणि तसेच मागे फिरायचे.

दोन आठवड्यांनी पहिला बदल तुर्भ्याला पोहोचला. त्यात 'रद्द' बटणच काढून टाकलं होतं. मुख्तारभाईंनी दिवसभर वापरून पाहिलं आणि म्हणाले, "असा चालनार नाय. आमी पन चुकतो की. चुकलो तर खोडायचा कसा?" पूर्वी उन्नतीला हे ऐकून राग आला असता. आता तिने चिठ्ठी लिहिली. पुढच्या आठवड्यात 'रद्द' परत आलं, पण स्क्रीनच्या दुसऱ्या टोकाला, आणि तीन सेकंद दाबून धरलं तरच चालणारं. मुख्तारभाईंनी यंत्र उलटंपालटं करून पाहिलं. "आता बरा हाय," ते म्हणाले. त्या महिन्यात तुर्भ्याहून एकही तक्रार आली नाही.

विपुल परतला तेव्हा त्याच्या कोडमध्ये चारही बाजूंनी लोक फिरून गेले होते. तो दिवसभर ते बदल वाचत बसला. संध्याकाळी त्याने उन्नतीला खालच्या टपरीवर चहाला बोलावलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"म्हणजे माझ्यावाचून काही अडलं नाही," तो म्हणाला.

"अडलं की. दोनदा. एकदा तर कैनात रडली. पण अडून बसलं नाही कोणी."

विपुलने कप फिरवला. "तुम्हाला सांगू? सहा वर्षांत पहिल्यांदा मी दुपारचा झोपलो. फोन न बघता. बायको म्हणते, कांजिण्या परवडल्या."

तीन महिने झाले आणि धर्मराज साहेब आले, खुर्चीशिवाय, अगदी खुशीत. ते म्हणाले, ही टीम आता मोडू. चौघांना चार टीममध्ये घालू. "विरजणासारखं! चमचा चमचा सगळीकडे."

"सर, विरजण लावायला आधी दही लागायला हवं," उन्नती म्हणाली. "इथे आत्ता कुठे दूध कोमट झालंय."

साहेब विचारात पडले आणि म्हणाले, त्यांनाच विचारू. उन्नतीला खात्री होती, तिघंही नाही म्हणतील. विपुल नाही म्हणाला. ज्ञानेश्वरी नाही म्हणाली. कैनात म्हणाली, "मी जाते."

उन्नतीला ते लागलं. दोन दिवस ती कैनातशी कामापुरतं बोलली. तिसऱ्या दिवशी कैनातच डबा घेऊन तिच्यासमोर येऊन बसली. "मॅडम, इथे सगळे मला सांभाळून घेतात. मला एकदा दुसऱ्या कुणाला सांभाळून बघायचंय."

उन्नतीने आपल्या डब्यातली सुकटीची चटणी तिच्याकडे सरकवली. "जा," ती म्हणाली. "पण तुझ्या जागी येणाऱ्याला तो नोंदीचा कोड शिकवून जा. तुला जसा शिकवला तसा नको, नीट शिकव."

कैनात सहाव्या मजल्यावर गेली, शाळेच्या बसगाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या टीमकडे. तिथे पहिल्या आठवड्यात दोघांचं भांडण झालं, दुसऱ्या आठवड्यात तिघांचं. ती वैतागून खाली आली. उन्नतीने तिला काही उपाय सांगितला नाही, कारण तिच्याकडे तो नव्हताच. तिने फक्त विचारलं, "गाडीत बसलात का एकदा, मुलांबरोबर?"

पुढच्या सोमवारी सकाळी सहाव्या मजल्यावरचे पाच जण शाळेच्या बसमधून, मुलांच्या दप्तरांत चेंगरून शाळेपर्यंत गेले आणि तिथून ऑफिसला आले. एकाच्या शर्टावर जाम सांडला होता, आणि पाचही जण एकाच वेळी बोलत होते.