भाऊरावांना कोणत्या गटात लिहू?

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेली माणसं एकत्र आली की किस्से साचतातच. थोडं चालायचं, दम खायचा, आणि दम खाताना बोलायचं! कापसाचे भाव पडले होते त्या वर्षांत यवतमाळला आमचा असा एक व्यायामवर्ग भरायचा. मी निवृत्त प्राध्यापक, पीएचडी. तरी वर्गात सगळ्यात गोंधळलेला मीच.

*

फिजिओथेरपीच्या मॅडमनी दोन गट पाडले. एकानं अर्धा तास एकाच चालीनं चालायचं. दुसऱ्यानं चार मिनिटं जोरात, तीन मिनिटं हळू, पुन्हा जोरात. हृदयाला काय जास्त मानवतं, ते त्यांना पाहायचं होतं. चिठ्ठीत मला एकाच चालीचा गट आला. दोन दिवस वाचन करून मी गट बदलून मागितला. तिसऱ्या दिवशी पहिलाच परत मागितला!

मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही चालण्यापेक्षा गट बदलण्यातच जास्त दमता!"

*

दुसऱ्या गटात सलीमभाई होते, ट्रक मेकॅनिक. त्यांना विचारलं, चांगलं काय?

"इंजिन एकाच स्पीडवर चालवलं तं कार्बन पकडते, सर. मधात रेस द्याच लागते."

पटलं. आठवड्यानं म्हणाले, "जादा रेस देल्ली तं इंजिनचं गॅसकीट उडते!" तेही पटलं.

"मग मी काय करू?"

"बोनेट खोलल्याबिगर आपण कोणालेच सांगत नाही!"

*

मी सारखी नाडी मोजायचो. मोजली की घाबरायचो, घाबरलो की ती वाढायची. सगळं वहीत लिहायचो. मॅडमनी वही पाहिली.

"सर, तुमची नाडी तर जोरात-हळू करतेय. तेही बाकावर बसून!"

*

भाऊराव जवळच्या खेड्यातले शेतकरी, माझ्याच गटातले. त्यांना यवतमाळच्या खरेदी केंद्रावर कापूस न्यायचा होता. गाड्यांची रांग दिवसचे दिवस हलत नव्हती. मॅडम सोडेनात.

"घरी दुसरं कोणी नाही, मॅडम. अन् रांगेत बसूनच तं राहा लागते!"

"बसूनच राहायचं असेल तर हरकत नसावी," मी म्हणालो. माझ्या शिक्षणाकडे पाहून मॅडमनी होकार दिला.

पाच दिवस पत्ता नाही. माणूस माझ्या शब्दावर गेलेला! मला जेवण जाईना, आणि केंद्रावर जाऊन पाहायची हिंमतही होईना.

सहाव्या दिवशी भाऊराव वर्गाच्या दारात. डोक्यात, मिशीत कापूस.

"बसून होता ना?" मी विचारलं.

"कायचं बसून! बैल चाराले सोडले. रांग सरकली का चौघांनं गाडी ढकलाची. थांबली का बसाचं. सरकली का पुन्हा ढकलाची!"

मॅडमचा चेहरा उतरला. नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, व्हरांड्यात सहा मिनिटं चालवून अंतर मोजलं. अख्ख्या वर्गात भाऊराव पहिले!

मॅडमनी रजिस्टर उघडलं. पेन तसंच राहिलं. मग माझ्याकडे वळल्या.

"सर, ह्यांना कोणत्या गटात लिहू?"

मी चष्मा पुसत राहिलो.

"काहीही लिहा, पण लवकर लिहा मॅडम," भाऊराव म्हणाले. "गाडी अजून रांगेतच हाये. मी फक्त हजेरीले आलतो!"