देवीच्या माळ्याचा उजवा हात

दसऱ्याच्या संध्याकाळी नाशिकच्या फुलबाजारात न खपलेल्या झेंडूचा ढीग लागतो, तसे आमच्या कट्ट्यावर किस्से साचतात. झेंडू दुसऱ्या दिवशी कुजतो, किस्सा जास्तच फुलतो! मी टोमॅटोवाला, शिक्षण चौथी, तेही मास्तर दयाळू म्हणून. पण बसतो फुलवाल्यांत. तिथं चेष्टेला गिऱ्हाईक चांगलं मिळतं. सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक म्हणजे निवृत्ती.

निवृत्ती झेंडू पिकवतो. गावच्या देवीचा दसऱ्याचा हार त्याच्याच हातचा, बापाकडून आलेला मान. यंदा त्याला लकवा मारला आणि नेमका हार ओवणारा उजवा हातच लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, "येईलही, नाहीही."

*

दवाखान्यात निवृत्ती शुद्धीवर आल्यावर नर्सबाईंनी त्याला विचारलं, "बाबा, सांगा बरं, तुम्ही कोण?"

"देवीचा माळी."

"पेशंट अजून कन्फ्यूज आहे," म्हणत बाई डॉक्टरांकडं पळाल्या.

त्याची बायको, आमच्या कौसावहिनी, मागून ओरडल्या, "नाय हो ताई, पुरता शुद्धीवर हाय. मला बघायला आला तवा बी हेच बोलला व्हता!"

*

घरी आल्यावर वहिनींनी देवीला कौल लावला. मूर्तीला दोन्ही बाजूंनी ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर हात बरा होणार. पडली डावी. वहिनींच्या डोळ्यांत पाणी. मीही गप्प, आणि मी गप्प बसणं म्हणजे आमच्यात अपशकुन.

निवृत्ती म्हणाला, "अगं, देवी आपल्याकडं तोंड करून बसलीय. आपला डावा तो तिचा उजवा."

"आणि उजवी पडली असती तर?" मी विचारलं.

"तर आपला उजवा. देवी काय परकी हाय का?"

*

मग गडी डाव्या हातानं आणि दातांनी ओवायला लागला. पहिला हार म्हशीनं खाल्ला.

"नैवेद्य पोचला," निवृत्ती म्हणाला. दुसरा घेतला.

*

फिजिओथेरपीच्या मॅडमनी दाबायला रबरी बॉल दिला होता. हा कट्ट्यावर डोळे मिटून बसायचा आणि हाताला दम द्यायचा, "दाब. देवीच्या माळ्याचा हात हायेस तू."

एकदा मी हळूच बॉल काढून तिथं पिकलेला टोमॅटो ठेवला. म्हटलं, आता पिचकारी! सगळे तोंड दाबून बसले. निवृत्तीनं जोर लावला. कपाळावर घाम आला. टोमॅटोच्या सालीला सुरकुतीसुद्धा पडली नाही.

कोणी हसलं नाही. मला कुठं बघावं कळेना.

त्यानं डोळे उघडले, टोमॅटो बघितला, मग मला. "ऱ्हाऊ दे बबन. ह्याची कोशिंबीर देवीचा माळीच करंल. दसऱ्याला तुलाच वाढतो."

*

दसऱ्याला मी नवा पांढरा शर्ट घालून देवळात गेलो. देवीच्या गळ्यात हार होता, जरा वाकडा. निवृत्ती पायरीवर, उजवा हात उपरण्याखाली. डाव्या हातानं त्यानं आपट्याचं पान पुढं केलं.

"सोनं घे, बबन."

मी वाकून गळाभेट घेतली. म्हातारा घट्ट बिलगला. छातीशी काहीतरी फच्च झालं.

खाली बघतो तर उपरण्यातला हात माझ्या खिशावर, मूठ आवळलेली, बोटांतून लाल रस गळतोय.

"कोशिंबीर," निवृत्ती म्हणाला. "मीठ तुझं तू टाक."