पाणी कमी का झालं

खात्यात तिला सगळे जळमटताई म्हणत. तोंडावर म्हणत, पाठीमागे नव्हे. एवढा सभ्यपणा त्या खात्यात होता.

मैलापाण्याच्या पंपिंग स्टेशनच्या माडीवर तिची खोली. खालचे पंप सुरू झाले की टेबलावरच्या कपात चमचा किणकिणायचा. समोर भिंतभर स्क्रीन आणि त्यांवर शहराखालच्या सगळ्या मोठ्या गटारवाहिन्या. ठरावीक मॅनहोलच्या झाकणाखाली एकेक सेन्सर टांगलेला. तो खाली पाण्याकडे बघत बसतो आणि पाणी कुठवर आलं ते कळवत राहतो. पाणी गळ्याशी आलं की इकडे लाल दिवा पेटतो, घंटा वाजते आणि मुकादमाची टोळी धावते. काम एवढंच, पण ताईला त्याचं भलतंच वेड. घरी जेवताना ती वाहिन्यांच्या गोष्टी सांगायला लागली की नवरा म्हणायचा, "अगं, निदान घास तरी उतरू दे."

तिनं सुरुवात केली ती तक्रारींच्या फोनवर. तेव्हा गटार तुंबल्याचा शोध लोकांचं नाक लावायचं. दारात घाण आली की फोन यायचा, आधी शिव्या आणि मग पत्ता. मुकादमाची त्याही आधीची एक युक्ती होती. मॅनहोलमधल्या कट्ट्यावर तो लाकडाचा ठोकळा ठेवायचा. पुढच्या फेरीला ठोकळा जागेवर नसला, तर मधल्या काळात पाणी तिथवर चढून गेलं हे नक्की. युक्ती पक्की होती, पण कळायचं सगळं उरकल्यावर. म्हणून सेन्सर आले तेव्हा ताई नव्या सुनेसारखी खूश झाली होती.

आणि मग गेल्या वर्षी ते जळमट. नदीवर मुलींच्या होड्यांची शर्यत होती आणि ताईची लेक पहिल्यांदाच वल्हं मारणार होती. ऐन वेळी नदीकाठच्या मॅनहोलचा लाल दिवा पेटला. मैलापाणी नदीत उतरेल म्हणून ताईनं धडाधड फोन केले आणि शर्यत रद्द करवली. टोळीनं झाकण उचललं तर खाली पाणी निवांत वाहत होतं. एका कोळ्यानं सेन्सरच्या तोंडाखाली जाळं विणलं होतं आणि तो बिचारा सेन्सर जाळ्यालाच पाणी समजून बसला होता. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. शहरभर हसू झालं. लेकीनं कितीतरी दिवस अबोला धरला आणि तिला शाळेत ऐकून घ्यावं लागलं ते वेगळंच. खात्यानं नियम केला, जागेवर जाऊन पाहिल्याशिवाय बाहेर कुणाला कळवायचं नाही. नियम शहाणपणाचा होता. ताईनंही कानाला खडा लावला.

यंदा शर्यतीच्या सकाळी ती कामावरच होती. सकाळची वेळ तिची सगळ्यांत लाडकी. लोक उठतात, आंघोळी होतात, भांडी पडतात आणि स्क्रीनवरच्या रेषा एकामागून एक वर चढायला लागतात. सगळं शहर आळस झटकून उठताना तिला असं एका नजरेत दिसायचं. त्या दिवशीही सगळ्या रेषा चढल्या. एक सोडून. नदीकाठच्या शेवटच्या मॅनहोलची रेषा होती तिथून खाली उतरत होती.

लाल दिवा नाही, घंटा नाही. यंत्राला पाणी वाढलं तर बोंब मारायला शिकवलेलं. कमी झाल्याचं त्याला काय?

मुकादम चहा घेऊन आला होता. ताईनं त्याचा हात धरून त्याला स्क्रीनसमोर उभं केलं.

"हे वरचं मॅनहोल बघा. पाणी रोजच्यासारखं चढलंय. आणि हे खालचं. मधे कुठे फाटा आहे?"

"नाही. सरळ लाइन आहे."

"मग वरून निघालेलं पाणी खाली पोचत का नाही?"

मुकादमानं कप खाली ठेवला. "सेन्सर बिघडला असेल. परत कोळी?"

"जाळं असतं तर पाणी जास्त दाखवलं असतं. हे कमी दाखवतंय. मुकादम, मधे लाइन तुंबलीय आणि पाणी कुठल्यातरी झाकणातून बाहेर पडतंय. म्हणून वरच्या मॅनहोलला त्याचा पत्ता नाही. मधल्या झाकणांना आपले सेन्सरच नाहीत."

"मधली झाकणं म्हणजे झुडपांत, नदीच्या उतारावर," मुकादम म्हणाला. "म्हणजे घाण सरळ नदीत."

ताईला हसूही येत होतं आणि रडूही. कोडं सुटल्याचा आनंद तिच्या अंगात मावत नव्हता, आणि तिकडे लेक होडीत बसत होती. त्या शर्यतीत एखादी तरी होडी उलटतेच, आणि मुली नाकातोंडात पाणी जाईपर्यंत खिदळतात. नियमाप्रमाणे आधी जाऊन पाहायचं. तोवर शर्यत होऊन गेली असती. फोन करावा आणि परत काहीच निघू नये, तर लेक जन्मभर माफ करणार नव्हती.

तिनं जिना उतरता उतरता लेकीच्या प्रशिक्षकबाईंना फोन लावला.

"मुलींना पाण्यात उतरू देऊ नका. वरून घाण नदीत येत असावी."

"असावी? ताई, गेल्या वर्षासारखं तर नाही ना?"

"माहीत नाही. बघायलाच निघालेय."

पलीकडे भोंगे आणि गलका. फोन तुटला.

गाडी नदीच्या उतारावर पोचली तेव्हा वासानंच स्वागत केलं. मुकादम झुडपं बाजूला सारत पुढे आणि ताई चपला हातात घेऊन मागे. शेवटच्या झुडपामागे झाकण उचललं गेलं होतं, आणि त्याच्या कडेनं करडं पाणी उकळ्या फुटल्यासारखं वर येऊन सरळ नदीकडे धावत होतं. एवढं घाणेरडं दृश्य बघून इतका आनंद झालेली बाई मुकादमानं आयुष्यात पाहिली नव्हती. पुढच्याच क्षणी तिचा चेहरा उतरला.

"तुम्ही लाइन मोकळी करा," ती म्हणाली आणि काठाकाठानं धावत सुटली.

होड्या काठावर उपड्या पडलेल्या होत्या. सगळ्या. प्रशिक्षकबाई समोरून आल्या.

"निघालं का काही?"

ताईला धाप लागली होती. तिनं मानेनंच हो म्हटलं. मग विचारलं, "तुम्ही थांबवलंत ना? फार उपकार झाले."

"मी कुठली थांबवतेय? पंच म्हणाले, नक्की कळल्याशिवाय शर्यत थांबत नाही. मलाही तेच वाटत होतं. तुमची लेकच होडीतून उतरली आणि तिच्यामागून एकेक करून सगळ्या उतरल्या. मी रागावले तिला. तर म्हणाली, आईचं वर्षभर हसं झालंय. तरी तिनं आज परत फोन केला. म्हणजे पाण्यात नक्की काहीतरी आहे."

लेक पलीकडे होडीच्या पाठीवर बसली होती. हिरमुसलेली, गुडघ्यात हनुवटी. ताई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे वाहायला लागले.

लेकीनं तिच्या चिखलानं भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि सरकून तिला जागा करून दिली.

"बस," ती म्हणाली. "आणि सांग, कसं कळलं?"